बॅकप्लेटसोबत विंग किती किलोची घ्यावी?

चोपडेकर

नमस्कार मंडळी. इथं खान्देशातले पाण्यात उतरणारे बरेच जण लिहितात, म्हणून हा धागा इथंच काढतोय.

आजवर अंदमानला आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला डायव्हिंग केलं ते सगळं भाड्याच्या जॅकेट बीसीडीवर, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरतात त्या जॅकेटवर. हवा भरली की ते बरगड्यांवर दाबतं, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं जॅकेट अंगाला लावून घ्यावं लागतं. आता स्वतःची बॅकप्लेट (पाठीवरची धातूची प्लेट), हार्नेस (तिचे पट्टे) आणि विंग (प्लेटमागची हवेची पिशवी) घ्यायचं ठरवलंय. प्लेटचं आणि पट्ट्यांचं गणित समजलं. घोडं अडलंय ते विंगच्या मापावर.

एका विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, तुम्ही उंचेपुरे आहात, १८ किलोची घ्या, लिफ्ट (पाण्यात वर उचलण्याची ताकद) जितकी जास्त तितकं सुरक्षित. दुसऱ्यानं ९ किलोची पुरेल असं सांगितलं. मधे ३० पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलोची पण आहे. तिघींच्या किमतीत फारसा फरक नाही, त्यामुळे पैशावरून ठरवता येत नाही.

माझी माहिती: उंची पाच फूट अकरा, वजन ८२. अंगात ३ मिमी जाडीचा रबरी फुल सूट. टाकी ॲल्युमिनियम ८० (नावाला ८० घनफूट हवेची), एकच. जॅकेट असताना खाली जायला ४ किलो शिसं लागतं. येत्या हिवाळ्यात मस्कतला जायचा विचार आहे, तिथं ५ मिमी लागेल असं ऐकतो.

जळगाव-धुळ्याकडे ही वस्तू हातात घेऊन बघायची सोय नाही. मागवली आणि चुकली तर परत पाठवणं जिवावर येतं. म्हणून मागवण्याआधी नीट समजून घ्यायचंय.

---

पांझराकाठ

चोपडेकर, प्रश्न चांगला आहे आणि योग्य वेळी विचारलात. उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

पहिली गोष्ट, तुमच्या उंचीचा आणि वजनाचा विंगच्या लिफ्टशी जवळपास काही संबंध नाही. माणसाचं शरीर पाण्यात साधारण ना तरंगतं ना बुडतं असं असतं. छाती भरली की थोडं वर, श्वास सोडला की थोडं खाली. विंगला माणूस उचलायचा नसतो. तिला तीन वेगवेगळी कामं करायची असतात. तिन्हींचा हिशोब वेगळा मांडायचा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा.

काम एक. पाण्याच्या पृष्ठभागावर तुम्ही सगळा संच अंगातून काढला, तर तो एकटा तरंगला पाहिजे. मालवणसारख्या ठिकाणी लहान होड्या असतात, शिडी अवघड असते. पाण्यातच संच काढून वर द्यावा लागतो. विंगमध्ये तेवढी ताकद नसेल तर तो हातातून सुटून तळाला जाईल. इथं टाकी पूर्ण भरलेली धरायची, कारण तेव्हा ती सगळ्यात जड असते.

काम दोन. खोलीवर सूट दबतो आणि त्याची तरंगण्याची ताकद जाते. शिवाय डाइव्हच्या सुरुवातीला टाकीतल्या हवेचं वजन अंगावर असतं. हे दोन्ही मिळून जेवढं जडपण येतं तेवढं विंगनं भरून काढलं पाहिजे.

काम तीन. वर आल्यावर होडी लांब आहे, लाटा आहेत. अशा वेळी डोकं आणि मान पाण्याबाहेर राहिली पाहिजे. डोकं पाण्यात असताना त्याचं वजन जाणवत नाही, बाहेर काढलं की चार-पाच किलो भरतं. हे काम बरेच जण हिशोबात धरत नाहीत.

आता तुमचे आकडे घेऊ. ॲल्युमिनियम ८० मध्ये सुमारे २१९० लिटर हवा मावते. हवेचं वजन लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे टाकीभर हवा २.६ किलोची झाली. म्हणून ही टाकी भरलेली असताना पाण्यात अर्धा-पाऊण किलो जड असते आणि रिकामी होत आली की दीड-दोन किलो हलकी होऊन वर ओढते. रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं उपकरण) सगळ्या नळ्यांसकट पाण्यात साधारण एक किलो. स्टीलची प्लेट जमिनीवर २.७ किलोची असेल तर पाण्यात २.४ भरेल, कारण स्टीलचं एक-अष्टमांश वजन पाणी उचलतं.

काम एक: ०.७ अधिक १ अधिक २.४, म्हणजे ४.१ किलो. पट्ट्या, कड्या धरून साडेचार म्हणा.

काम दोन: हवा २.६. तुमच्या सूटची तरंगण्याची ताकद मोजावी लागेल, तोवर २ किलो धरू. ३० मीटरवर दाब चौपट होतो, सूट आपली दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश ताकद गमावतो. म्हणजे दीड किलो गेलं. बेरीज ४.१.

काम तीन: डाइव्हच्या सुरुवातीलाच वर थांबायची वेळ आली तर हवा २.६ आणि डोक्याचे चार-पाच. सात-साडेसात.

अंदमानसाठी ९ किलोची विंग चालते, पण हाताशी फार काही उरत नाही. १८ किलोची अर्धीसुद्धा वापरली जाणार नाही.

---

विज्ञानमास्तर_यावल

पांझराकाठ, मुलांना प्लावक बल शिकवताना हे उदाहरण वापरीन. मी डायव्हर नाही, पण दोन शंका आहेत.

मोठ्या विंगनं बिघडतं काय? तुम्हाला हवी तेवढीच हवा भरायची, बाकी पिशवी रिकामी ठेवायची. मग १८ किलोची घेऊन ठेवली तर पुढे कधी उपयोगी पडेल.

दुसरं, आपल्याकडचं पाणी गोडं, समुद्राचं खारं. हतनूर किंवा वाघूर धरणात सराव करणाऱ्याला मोठी विंग लागेल का? गोड्या पाण्यात वस्तू जास्त बुडते.

---

पांझराकाठ

मास्तर, पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे.

शिसं अगदी बरोबर घेतलेल्या माणसाला विंगमध्ये फार हवा भरावीच लागत नाही, हे खरं. पण पिशवी मोठी आणि हवा थोडी असली की ती हवा एका जागी राहत नाही. सायकलीच्या कॅरिअरवर अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये दूध जसं हिंदकळतं तशी ती डावीकडून उजवीकडे, खांद्याकडून कमरेकडे धावते. डायव्हर आडवा पडून राहण्याचा प्रयत्न करतो आणि हवा त्याला एका कुशीवर फिरवते. वर येताना हवा सोडायची असते, तेव्हा ती नेमकी व्हॉल्व्हपासून लांब घडीत अडकलेली असते. वर जाल तसा दाब कमी होतो, अडकलेली हवा फुगते, ती आणखी वर ढकलते. बॉईलचा नियम तुम्ही शिकवताच. ३० मीटरवरून १० मीटरवर आलात तर दाब चारवरून दोनवर येतो, तीच हवा दुप्पट जागा घेते. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा असतो, तो हातून सुटतो.

त्यात इन्फ्लेटरचं, म्हणजे हवा भरायच्या नळीचं, बटण अडकलं तर? हवा आपोआप भरत राहते. ९ किलोची विंग भरून वाहू लागली की ९ किलोंवर थांबते, १८ किलोची १८ वर. नळी काढून टाकायला मिळणारे सेकंद दोन्हीकडे सारखे नसतात.

शिवाय रुंद विंग ही दोन टाक्यांसाठी बेतलेली असते. एका टाकीवर लावली की तिच्या दोन्ही कडा वर उठून टाकीला लपेटून घेतात, मधे हवा कोंडते. आणि पाण्यातून जाताना ती सगळी रिकामी कापडं पाय मारणाऱ्याला मागे ओढतात.

माझ्या मते तर याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. मोठी विंग जास्तीचं शिसं झाकून ठेवते. माणूस गरजेपेक्षा चार किलो जास्त बांधतो, चार लिटर हवा जास्त भरतो आणि सगळं ठीक आहे असं समजतो. ती चार लिटर हवाच त्याला प्रत्येक मीटरला वरखाली करत असते.

गोड्या पाण्याचं: समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. संचासकट माणूस ९५-१०० किलोचा धरला तर समुद्रात जवळपास अडीच किलो जास्त शिसं लागतं. गोड्या पाण्यात तेवढं शिसं कमी करायचं, बस. शिसं बरोबर असलं की विंगचं गणित दोन्हीकडे तेच राहतं. संच एकट्यानं तरंगण्यात तीन-चारशे ग्रॅमचा फरक पडेल, तो धरायची गरज नाही.

---

अमळनेर_ते_मस्कत

चोपडेकर भाऊ, मस्कतचं मी सांगतो. इथंच राहतो, सुट्टीला दमानियत बेटांवर असतो.

हिवाळ्यात पाणी २२ ते २४ अंश. अंदमानच्या २८-२९ ची सवय असलेल्याला ३ मिमीत पहिल्याच डाइव्हला हुडहुडी भरते. ५ मिमी घ्याच. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं, पण खाली थंड पाण्याचे थर असतात. त्यात शिरलं की एकदम फरक जाणवतो, म्हणून आम्ही उन्हाळ्यातही जाड सूट घालतो.

मी ज्या क्लबात जातो तिथं ॲल्युमिनियम ८० सोबत १२ लिटरच्या स्टीलच्या टाक्याही मिळतात. स्टीलची भरलेली टाकी पाण्यात चांगलीच जड, बनावटीप्रमाणे तीन-चार किलो. रिकामी झाली तरी ॲल्युमिनियमसारखी वर ओढत नाही. २३२ बार दाबाला तिच्यात सव्वातीन किलो हवा असते.

म्हणजे पांझराभाऊंच्या पद्धतीनं, काम एक: टाकी साडेतीन-चार, रेग्युलेटर एक, प्लेट २.४. सात-साडेसात झाले. काम दोन: हवा ३.२, ५ मिमी सूटचे तीन. सहाच्या वर. काम तीन: हवा ३.२ आणि डोकं, आठ. ९ किलोची विंग काठावर येते. माझ्याकडे साडेतेराची आहे आणि तिनं कधी अडवलं नाही. ७ मिमीत थंड पाण्यात उतरलो तेव्हाही पुरली.

---

गिरणेची_लेक

चाळीसगावहून. मी या गणिताच्या दुसऱ्या टोकाला आहे: उंची पाच फूट एक, वजन ५०. मलाही बॅकप्लेट घ्यायची आहे. जॅकेट एक्स्ट्रा स्मॉल घातलं तरी टाकी डोक्याच्या मागे लागते आणि मान वर करता येत नाही. विक्रेता म्हणतो तुम्ही लहान, तुम्हाला ९ सुद्धा नको, ५-६ किलोची कुठं मिळते का बघा. मला हे पटत नाहीये, कारण टाकी तर माझ्याही पाठीवर तीच ८० आहे.

---

शिरपूरची

गिरणेची लेक, तुझं बरोबर आहे. मी अंदमानात डाइव्हमास्टर म्हणून काम करते, अंगानं तुझ्याएवढीच.

टाकी तीच, रेग्युलेटर तेच, डोकंही जवळपास तेवढंच. कमी होतो तो फक्त सूट. आपल्या मापाच्या ३ मिमी सूटमध्ये निओप्रीन (सूटचं फुगीर रबर) कमी, म्हणून तो एक-सव्वा किलोच वर ओढतो. काम एक आणि काम तीनमध्ये तुला काहीच सवलत मिळत नाही. ९ किलोची घे. उष्ण पाण्यात, ॲल्युमिनियम टाकीवर ती आपल्याला छान बसते.

लिफ्टपेक्षा लांबीकडे जास्त बघ. काही विंगा उंच माणसाच्या पाठीच्या हिशोबानं लांब असतात. आपल्या पाठीवर त्यांचं खालचं टोक पार्श्वभागाच्याही खाली जातं आणि कमरेकडची हवा पाय वर उचलते. त्याच लिफ्टमध्ये आखूड आणि थोडी रुंद विंग मिळाली तर ती चांगली. प्लेटही आखूड मिळते, आखूड धडासाठी मुद्दाम बनवलेली. आणि टाकी डोक्याला लागते त्यावर विंग बदलून उपाय होत नाही, टाकीचा पट्टा वरच्या बाजूला बांधायचा म्हणजे टाकी खाली सरकते. जमेल तिथं ६३ घनफुटांची छोटी टाकी माग. आपला श्वास कमी लागतो, तीही पुरते.

जॅकेटची सवय असलेल्यांना माप म्हणजे अंगाचं माप वाटतं, त्याचंही कारण आहे. जॅकेटमध्ये स्मॉलला लिफ्ट कमी आणि एक्स्ट्रा लार्जला जास्त असते, कारण पिशवीच लहान-मोठी शिवलेली असते. विंगचं तसं नाही. प्लेट, पट्टे अंगाच्या मापाचे. विंग टाकीच्या आणि सूटच्या मापाची.

चोपडेकर, तुमच्यासाठी: डोनट आकाराची घ्या. घोड्याच्या नालेसारखी विंग खालून उघडी असते, एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जायला खांद्यावरूनच वाट असते. डोनटमध्ये हवा खालूनही फिरते, त्यामुळे एका कुशीवर असतानाही व्हॉल्व्हपर्यंत पोचते. दोन्ही वापरून झाल्यावर माझं मत पक्कं आहे. नालेच्या आकाराला पसंती देणारे चांगले डायव्हरही आहेत, पण नवीन घेणाऱ्याला मी डोनटच सांगेन.

---

सारंगखेडा

भाऊ, हिशोब बठ्ठा बरोबर शे. पन एक गोट सांगस.

धरणात सरावाचा विषय निघाला म्हणून. मी तापीकाठचा, बुडालेल्यांच्या शोधात मदतीला जाणारा माणूस. उकाईच्या आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यात आपल्या नंदुरबारकडे पाण्याखाली अख्खी झाडं उभी आहेत. त्यांच्यात मासेमारीची जुनी जाळी अडकलेली आहेत. हातभर अंतरावरचं दिसत नाही. बॅरेजच्या दरवाज्याजवळ ओढ असते ती वरून कळत नाही. तिथं नवी विंग घेऊन सरावाला उतरू नका. परवानगीचा मुद्दा आणखी वेगळा.

विहिरीत तर नाहीच. चढायला जागा नसते, वरून दगड येतो.

आणि टाकी भरायची घाई करू नका. पंक्चरच्या दुकानातला किंवा गॅरेजमधला कॉम्प्रेसर श्वासाच्या हवेसाठी नसतो. त्यात तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येतं. खोलीवर दाबाखाली तेच विष कितीतरी जास्त लागतं.

---

चोपडेकर

सारंगखेडा दादा, ध्यानात ठेवतो. पाण्यात उतरायचा विचार नव्हता, फक्त घरी मोजता येईल का असं डोक्यात होतं. पांझराकाठ, सूटची ताकद मोजायची म्हणालात, ती कशी? इथं काय साधन लागेल?

---

पांझराकाठ

साधन सगळं तुमच्या शेतावर आहे.

ठिबकसाठी बांधलेला हौद हवा, कापूस मोजायचा टांगता काटा हवा आणि कांद्याची जाळीदार गोणी. काटा डिजिटल असेल तर उत्तम, दहा-वीस ग्रॅमपर्यंत दाखवतो. नसेल तर ताणकाटाही चालेल.

दहा किलोची लोखंडी वजनं गोणीत घाला, गोणी काट्याला टांगून पूर्ण पाण्यात सोडा, आकडा लिहून ठेवा. लोखंड पाण्यात ८.७ च्या आसपास भरेल. आता सूट पाण्यात भिजवा, बाह्या आणि पाय पिळून आतली हवा काढा. हे नीट करा, नाहीतर तीच हवा मोजली जाईल. घडी करून त्याच गोणीत वजनांसोबत घाला आणि परत बुडवा. गोणी तळाला किंवा भिंतीला टेकायला नको. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सूटची तरंगण्याची ताकद.

कंपनीचे आकडे शोधण्यापेक्षा हे बरं. एकाच जाडीचा सूट माणसाच्या मापानुसार दीडपट फरक दाखवतो, आणि जुना सूट दबून दबून निम्मा मेलेला असतो.

प्लेट आली की तीही अशीच टांगून मोजा. हार्नेस, रेग्युलेटर सगळं. रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याची (टाकीला जोडतात त्या भागाची) टोपी घट्ट बसवल्याशिवाय पाण्यात घालू नका. टाकी तेवढी निर्मात्याच्या तक्त्यातून घ्या, ती इथं भरलेली मिळणार नाही.

---

विज्ञानमास्तर_यावल

हा प्रयोग नववीच्या वर्गाला करून दाखवतो. सूट कुणी दिला तर.

---

अमळनेर_ते_मस्कत

एक विषय राहिला, तो खरं तर मापाच्याही आधी यायला हवा. विंग फाटली तर?

काट्याला लागली, शिवण उसवली, व्हॉल्व्हचं झाकण निघालं, काहीही होऊ शकतं. ३० मीटरवर डाइव्हच्या सुरुवातीला विंगमध्ये हवा राहिलीच नाही तर चोपडेकर भाऊ चार किलो जड असतील. तेवढं पाय मारत वर आणता आलं पाहिजे, किंवा काहीतरी टाकून देता आलं पाहिजे.

आता गंमत बघा. जॅकेटवर त्यांना ४ किलो शिसं लागायचं. जॅकेटचं स्वतःचं अस्तर, गाद्या एखादा किलो वर ओढतात, ते गेलं. स्टीलच्या प्लेटचे २.४ आले. म्हणजे स्टील प्लेट घेतली तर ३ मिमीत त्यांना शिसं जवळपास लागणारच नाही. सोयीचं वाटतं, पण टाकून द्यायला अंगावर काहीच उरत नाही.

ॲल्युमिनियमची प्लेट घेतली तर ती जमिनीवर एखाद्या किलोची, पाण्यात ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. मग पट्ट्यावर दोनेक किलो शिसं येतं आणि गरज पडली तर ते सोडता येतं. विंगवरचा भारही तेवढा कमी होतो, कारण कमरेचं शिसं संचासोबत जात नाही. विमानाच्या १५ किलोंच्या सामानात दीड-पावणेदोन किलो वाचतात हे वेगळंच. शिसं कुठल्याही डाइव्ह सेंटरला मिळतं, घरून न्यायचं कारण नाही.

मस्कतला स्टीलची टाकी घ्याल तेव्हा तर ॲल्युमिनियम प्लेटच बरी. काम एक सव्वापाच-साडेपाचवर येतं.

---

शिरपूरची

सहमत, एका अटीवर. सगळं शिसं कमरेला बांधू नका. काही टाकीच्या पट्ट्यावर, काही कमरेला असं विभागलं की आडवं राहणं सोपं जातं. आणि सगळं कमरेला असताना पाण्यात संच काढलात तर संच वर तरंगेल आणि तुम्ही खाली जाल. ५ मिमी सूटमध्ये जास्त शिसं असतं तेव्हा हे जास्त जाणवतं.

शिसं बरोबर आहे की नाही हे ठरवायची जागा म्हणजे डाइव्हच्या शेवटी वर येताना घेतात तो थांबा, सेफ्टी स्टॉप. टाकीत ५० बार, खोली ५ मीटर, विंग पूर्ण रिकामी, श्वास नेहमीचा. जागेवर राहिलात तर शिसं बरोबर. खाली जात असाल तर अर्धा-अर्धा किलो कमी करत जा. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं शिसं मी असंच कमी करत नेते, आणि शिसं कमी झालं की त्यांना विंगचा प्रश्नच निम्मा सुटल्यासारखा वाटतो.

---

गिरणेची_लेक

ताई, इलॅस्टिक दोरी गुंडाळलेल्या विंगा पण दिसतात. रिकामी विंग आवळून धरतात म्हणे. लांबीचा प्रश्न त्यानं सुटेल का?

---

शिरपूरची

घेऊ नकोस. दोरी विंगला आवळते म्हणजे हवेलाही आवळते. तोंडानं फुगवायची वेळ आली तर जोर लागतो, आणि कुठं छिद्र पडलं तर दोरी उरलेली हवाही बाहेर ढकलते. घड्यांमध्ये हवा कोंडते ती वेगळीच. मोठ्या विंगला लहान करायचा तो उपाय आहे. तू मुळात लहान विंग घेते आहेस.

---

विज्ञानमास्तर_यावल

शेवटची शंका. तोरणमाळचा यशवंत तलाव उंचावर आहे, हजार मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब कमी. अशा ठिकाणी विंगचं माप बदलेल?

---

पांझराकाठ

माप बदलत नाही मास्तर, विंग पाणी बाजूला सारते तेवढीच उचलते. बदलतात ती डीकंप्रेशनची कोष्टकं, म्हणजे किती खोल किती वेळ राहायचं आणि कसं वर यायचं त्याची. ३०० मीटरच्या वर असलेल्या पाण्यासाठी ती वेगळी लावावी लागतात, कारण वर आल्यावर शरीराला समुद्रसपाटीपेक्षा कमी दाब मिळतो. त्याचं शिक्षणही वेगळं असतं.

---

चोपडेकर

मोजून झालं. हौदाच्या काठावर घरचे सगळे जमले होते.

वजनं पाण्यात ८.७. माझ्या ३ मिमी सूटसकट ६.४, म्हणजे सूट २.३ किलो. मित्राकडून आणलेला माझ्याच मापाचा ५ मिमी सूट घातल्यावर ४.६, म्हणजे ४.१ किलो. दोन्हींची सत्तर टक्के ताकद ३० मीटरवर जाते असं धरलं तर १.६ आणि २.९.

ॲल्युमिनियम प्लेटनं:

अंदमान, ॲल्युमिनियम ८०: संच अडीच किलो, शिसं विभागून एक किलो टाकीवर धरलं तर साडेतीन. खोलीवर २.६ अधिक १.६, ४.२. डोकं बाहेर सात-साडेसात.

मस्कत, स्टील १२ लिटर: संच साडेपाच. खोलीवर ३.२ अधिक २.९, ६.१. डोकं बाहेर आठ.

सगळ्यात मोठा आकडा ८. त्यावर दोन-तीन किलो राखीव धरून अकरापर्यंत. म्हणून साडेतेरा किलोची, डोनट, एका टाकीसाठीची अरुंद विंग आणि ॲल्युमिनियम प्लेट मागवतोय. १८ वाल्याला नाही म्हणून कळवलं. तो अजून म्हणतोय की पुढं दोन टाक्या घ्याल तेव्हा लागेल.

---

पांझराकाठ

दोन टाक्या घ्याल तेव्हा दोन टाक्यांची विंग घ्या. १२ लिटरच्या जोडीत साडेसहा किलो नुसती हवा असते, तिथं १८ ते २० किलो योग्यच. प्लेट आणि हार्नेस तेच राहतील, फक्त विंग बदलायची. ही पद्धत फ्लोरिडाच्या गुहांमधल्या डायव्हरांनी उभी केली, प्लेट १९७९ च्या सुमाराची. एका प्लेटवर कामाप्रमाणे विंग बदलता यावी, हाच तिचा मोठा फायदा आहे. आजच दोघींचं काम एकीकडून करून घ्यायला गेलात तर तो फायदा गेला.

विंग घरी आली की लगेच तोंडानं टणक फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तेवढीच टणक असली पाहिजे. सकाळच्या गारव्यानं किंचित सैल वाटली तर घाबरू नका, दुपारी परत दाबून बघा. मग हौदात बुडवून शिवणी, इन्फ्लेटरचं कोपर आणि खालचा डम्प व्हॉल्व्ह (हवा सोडायचा) यांच्याकडे बघा, कुठून बुडबुडे येतात का. व्हॉल्व्ह दोरी ओढून उघडा आणि सोडा, तो स्वतःहून घट्ट बसला पाहिजे. तक्रार असेल तर ती परत पाठवायची मुदत आहे तोवर कळलेली बरी.

समुद्रातून आलात की आत गोडं पाणी भरून, हलवून, उलटी करून काढून टाका. खारं पाणी आत वाळलं की मिठाचे खडे पिशवीला आतून घासतात. ठेवताना थोडी हवा भरून सावलीत ठेवा, चोपड्याच्या उन्हात पत्र्याखाली नको.

---

अमळनेर_ते_मस्कत

भाऊ, विंग मस्कतला आणाल तेव्हा व्यक्तिगत निरोप टाका. पहिला डाइव्ह दहा-बारा मीटरवर करू, शिसं तपासून घेऊ, मग बेटांकडे जाऊ.